बर्ड फ्लूत मारलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट कशी लावायची, आणि लोक नेमकं कुठे चुकतात

आधी चुन्याचंच सांगतो, कारण जो तो तिथेच चुकतो. खड्डा खणून झाला, कोंबड्या आत पडल्या, की कोणीतरी ओरडतं चुना टाका चुना टाका आणि मग गोणीच्या गोणी थेट कोंबड्यांवर रिकाम्या होतात, वरून बघणाऱ्याला वाटतं वा काय पक्कं काम झालं. प्रत्यक्षात थेट अंगावर पडलेल्या चुन्याने कुजायची क्रिया मंदावते, कधी कधी जवळपास थांबतेच, म्हणजे जे जिवाणू आतून काम करून ते सगळं संपवणार त्यांनाच आपण मारून टाकतो. बरोबर पद्धत अशी की कोंबड्यांवर आधी साधारण 40 सेंटीमीटर माती, मग विरवलेल्या चुन्याचा सलग थर, कुठे फट नको, आणि त्यावर परत माती. चुना हा वरून उकरणाऱ्या प्राण्यांना आणि किड्यांना अडवायला आहे, कोंबडी जाळायला नाही. काही ठिकाणच्या सरकारी नियमात थरागणिक चुना टाका असं लिहिलेलं असतं, तसं असेल तर तिथे तेच करा, अधिकाऱ्याशी खड्ड्याच्या काठावर वाद घालायची ती वेळ नाही.

आता मूळ मुद्दा. कलिंग, म्हणजे साथ पसरू नये म्हणून पक्षी मारणं, ते झालं म्हणजे काम संपलं असं जे वाटतं ना ते डोक्यातून काढा. कोंबडी मेली तरी विषाणू मेलेला नसतो. थंडीत, 4 अंश तापमानाला, तो विष्ठेत 35 दिवस तरी टिकतो, 37 अंशाला सुद्धा 6 दिवस तग धरतो. 60 अंश तापमान अर्धा तास मिळालं की मात्र खलास, आणि साध्या साबणाने पण त्याचं वरचं तेलकट आवरण फुटतं. म्हणजे शत्रू तसा नाजूक आहे, फक्त त्याला ओल, सावली आणि वाहून नेणारा कोणीतरी मिळता कामा नये. कुत्रा, मांजर, कावळा, घूस, गाडीचं चाक, बुटाचा तळ, पावसाचं पाणी, एवढेच त्याचे पाय. विल्हेवाट म्हणजे हे पाय तोडायचे, बाकी काम उष्णता आणि वेळ करतात.

हे हलक्यात घेणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. 2004 साली थायलंडमध्ये सी राचा इथल्या व्याघ्र उद्यानात वाघांना कच्च्या कोंबड्या खायला घातल्या गेल्या आणि त्यात एच5एन1 हा बर्ड फ्लूचा विषाणू होता, 440 च्या आसपास वाघांपैकी 140 हून जास्त वाघ मेले किंवा मारावे लागले. वाघ! त्यामुळे मेलेल्या कोंबड्या कुत्र्याला घातल्या, डुकरांना घातल्या, माशांच्या तळ्यात टाकल्या, नदीत सोडल्या, हे सगळे प्रकार कायमचे बंद. आणि मरतुक सुरू झाली म्हणून घाबरून स्वस्तात विकून टाकणं तर त्याहून वाईट.

सुरुवात कुठून करायची तर फोनपासून. संशय आला की पशुवैद्यकाला किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवायचं आणि ते येईपर्यंत एकही पक्षी, अंडं, गोणी, ट्रे फार्मबाहेर जाऊ द्यायचं नाही. स्वतःच रात्रीतून खड्डा करून पुरून मोकळे होणारे लोक असतात, त्यांना वाटतं बदनामी वाचली, पण मग नमुने तपासले जात नाहीत, आजार कुठवर पोचला ते कळत नाही आणि जिथे नुकसानभरपाई मिळते तिथे ती पण हातची जाते कारण नोंदच नाही. किती पक्षी, साधारण वजन, किती अंडी, किती खाद्य, सगळं मोजून कागदावर, फोटोसकट, आणि हे पुरायच्या आधी. नंतर कोणी खड्डा उकरून मोजायला येणार नाहीये.

माणसांचं. किती लोक लागतील ते आधीच ठरवा आणि तेवढेच आत. लहान मुलं, गरोदर बाया, दमेकरी, म्हातारी माणसं यांचं तिथे काही काम नाही. मोसमी फ्लूची लस घेतलेले लोक असतील तर उत्तम, ती लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही पण एकाच माणसात दोन्ही फ्लू एकदम शिरून विषाणूंच्या जनुकांची अदलाबदल व्हायची शक्यता तरी कमी होते. डॉक्टर ऑसेल्टामिव्हीर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या देतील तर त्यांच्या सांगण्यानेच घ्यायच्या. अंगावर पूर्ण कव्हरॉल, एन-95 मास्क, डोळे सगळीकडून झाकणारा गॉगल, दोन जोडी हातमोजे, गमबूट. गॉगलला लोक सगळ्यात आधी कंटाळतात, घामाने धुकं धरतं, दिसत नाही, मग तो कपाळावर चढतो. त्यांच्यासाठी सांगतो, 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये एच7एन7 या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची साथ आली होती, कोंबड्यांशी संबंध आलेल्यांपैकी आणि त्यांच्या घरच्यांपैकी मिळून 89 जणांना लागण झाली आणि त्यातल्या बहुतेकांना काय झालं होतं तर डोळे आले होते. एक पशुवैद्यक गेला त्यात. म्हणून डोळे उघडे ठेवून काम नाही. धुकं येत असेल तर मास्क नाकावर नीट दाबून बसवा, बहुतेक वेळा वाफ तिथूनच वर येते.

उन्हात हे किट घालून माणूस अर्ध्या तासात गळतो हे मात्र खरं, त्यामुळे पाळ्या लावा. अर्धा पाऊण तास काम, मग बाहेर येऊन रीतसर किट काढून, हात धुऊन, पाणी, सावली. आतच मास्क खाली ओढून बाटली तोंडाला लावणारा एकजण प्रत्येक टीममध्ये असतोच, त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा एकजण नेमा. खरंच नेमा, एकमेकांना ओळखणारे लोक एकमेकांना बोलत नाहीत.

किट काढायचा क्रम घालण्यापेक्षा महत्त्वाचा. बूट आणि वरचे हातमोजे आधी जंतुनाशकाने धुवायचे, मग वरचे मोजे काढायचे, मग कव्हरॉल आतून बाहेर गुंडाळत खाली न्यायचं म्हणजे घाण बाजू आत राहते, बूट, मग गॉगल मागच्या पट्ट्याला धरून, मग मास्क तसाच पट्ट्याला धरून, सगळ्यात शेवटी आतले हातमोजे, आणि कोपरापर्यंत साबण. मास्कच्या पुढच्या भागाला बोट लावायचं नाही. वापरून टाकायचं सगळं सामान पिशवीत बांधून कोंबड्यांच्याच वाटेने जातं, ते कचराकुंडीत नाही.

आता कोंबड्या उचलणं. शेडमध्ये शिरल्यावर पहिलं काम, प्रत्येक पक्षी खरंच मेलाय का ते बघणं. ढिगात एखादा जिवंत राहतो, आणि तो पिशवीत किंवा खड्ड्यात हलायला लागतो. मी एकदा बांधलेली पिशवी हलताना पाहिलीये, तेव्हापासून पिशवी बांधायच्या आधी वरच्या थरावर हात ठेवून दहा सेकंद थांबायची सवय लागली. श्वास, डोळ्याची हालचाल, काही दिसलं तर बाहेर काढून पशुवैद्यकाकडून नीट शेवट करायचा. जिवंत पक्षी पुरणं हे क्रूर तर आहेच, वर तो पंख फडफडवून धूळ उडवतो ती वेगळी.

धुळीवरून आठवलं, लिटरवर (शेडच्या जमिनीवरचा विष्ठा मिसळलेला भुसा) आणि ढिगावर आधी पंपाने बारीक फवारा मारून घ्या, पाणी अधिक जंतुनाशक, चिखल होईल इतकं नाही, धूळ बसेल इतकंच. सुकी धूळ आणि बारीक पिसं हाच श्वासातून जाणारा खरा धोका. शेडचे मोठे पंखे हे काम चालू असताना बंद, पण बंद शेडमध्ये गॅसने कलिंग केलेलं असेल तर आधी हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची आणि आत जायची परवानगी मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पिशव्या जाड, दुहेरी, आणि दोन तृतीयांशच भरायच्या. गच्च भरली की नख्यांनी फाटते आणि उचलताना खालून गळते, मग पंधरा पावलांवर थेंबांची रांग. ओढत नेऊ नका, हातगाडी घ्या. आणि कोंबडी कापून बघायची, पोट फाडायचं, असलं काही नको, जे आत आहे ते आतच राहू दे. खड्ड्यात टाकायचंच असेल तर पिशवीतून ओतून टाकलेलं बरं, बंद प्लास्टिकमध्ये कुजायला फार वेळ लागतो, पिशव्या वेगळ्या नष्ट करता येतात.

पद्धती मुख्य तीन, पुरणं, कंपोस्ट करणं, जाळणं. जिथे मारलं तिथेच विल्हेवाट हे शक्य असेल तर तेच सगळ्यात चांगलं, कारण प्रत्येक किलोमीटरचा प्रवास म्हणजे सांडायची एक संधी.

पुरायचं तर जागा बघताना पाणी बघा, बाकी सगळं नंतर. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली सगळ्यात वर येणारी भूजल पातळी यात निदान 1 मीटर कोरडी माती हवी. विहीर, बोअर, ओढा, तळं यांच्यापासून किती लांब याचा आकडा तिथल्या नियमात असतो, मी स्वतः शंभर मीटरच्या आत विचारसुद्धा करणार नाही. उतारावर पाणी कुठे वाहतं ते बघा, रेताड किंवा भेगाळ खडकाची जमीन टाळा, चिकणमाती चांगली. खाली पाइप, केबल नाहीये ना हे विचारून घ्या. आणि पुढच्या काही वर्षांत तिथे बांधकाम, बोअर काही होणार नाही अशी जागा.

मापाचं गणित सोपं आहे. 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 2 मीटर खोल खड्ड्यात सरासरी 1.8 किलोचे साधारण 1800 पक्षी मावतात. म्हणजे 10,000 पक्ष्यांना तेवढेच खोल आणि रुंद, पण 11 ते 12 मीटर लांब चर लागणार. पक्षी 3 किलोचे असतील तर त्याच खड्ड्यात 1080 च्या आसपासच धरा, पक्ष्यांच्या संख्येवर नाही, एकूण वजनावर हिशेब करा. एवढे भरल्यावर वर हात दीड हात जागा उरते ती माती आणि चुन्यासाठी, ती खाऊ नका. जमीन आणि पाणी परवानगी देत असतील तर खड्डा अजून खोल घ्या, वर 2 मीटर माती बसली तर सगळ्यात निर्धास्त. अंडी, लिटर, खाद्य पण तिथेच जाणार असेल तर त्याची जागा आधीच धरा, हे हमखास विसरतं आणि संध्याकाळी मशीन परत गेल्यावर आठवतं.

खणताना माती एका बाजूला, कोंबड्या टाकायचं काम दुसऱ्या बाजूने. काठावर जड गाडी आणायची नाही, काठ ढासळतो. आणि ढीग सारखा करायला कोणीही, कोणीही आत उतरायचं नाही, लांब दांड्याने नाहीतर मशीनच्या बकेटने करा. माती टाकून झाली की वरून मशीन फिरवून दाबायची हौस आवरा. आत गॅस तयार होतो, दाबलेल्या मातीला तो भेगा पाडून, फसफसून बाहेर येतो आणि बरोबर घाण पाणी पण आणतो. माती सैल टाका, जमिनीपेक्षा वर उंचवटा ठेवा, ती पुढे आपोआप खाली बसते. भोवती कुंपण, खुणेची पाटी, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या अंगाला छोटी चारी.

कंपोस्टवर लोकांचा विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं उघड्यावर ढीग घालून काय विषाणू मरणार. पण 2015 च्या साथीत अमेरिकेत सुमारे 5 कोटी पक्षी गेले तेव्हा बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत वापरली होती, बऱ्याचदा शेडच्या आतच. भूजल वर असेल, जमीन खडकाळ असेल, आणि लिटर, भुसा, लाकडाचा चुरा भरपूर असेल तर माझं मत कंपोस्टच. खाली भुशाचा नाहीतर लाकडाच्या चुऱ्याचा हातभर थर, तो झिरपणारं पाणी शोषतो. त्यावर कोंबड्या आणि लिटर साधारण निम्मं निम्मं मिसळून, नुसत्या कोंबड्यांचा थर नको, तो चिकटून गोळा होतो आणि आत हवा जात नाही. ढीग माणसाच्या उंचीएवढा, 1.8 ते 2 मीटर, तळाला साडेतीन चार मीटर रुंद, आणि वरून 25 ते 30 सेंटीमीटर कोरड्या चुऱ्याचं पांघरूण. बाहेर एक पाय, एक पंख दिसता कामा नये, दिसला की कावळ्याला आमंत्रण. ढिगावर चढायचं नाही, मशीनचं चाक चढवायचं नाही, हवा राहिली पाहिजे.

ओल बघायला मूठभर माल घेऊन दाबा, अर्थात हातमोजे घालून. हात ओलसर लागला आणि पाणी ठिबकलं नाही तर बरोबर. ठिबकलं तर कोरडा भुसा घाला, मुठीत भुगा होत असेल तर पाणी मारा. मग लांब काडीचा थर्मामीटर, जवळपास 90 सेंटीमीटरचा, रोज ढिगात दहा ठिकाणी, अर्ध्या काडीवर एकदा आणि पूर्ण खोल एकदा, आणि वहीत आकडे. निदान सलग 3 दिवस 55 अंशाच्या वर राहिलं पाहिजे. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पहाटे ढिगातून वाफा निघताना दिसल्या की समजायचं लागलं कामाला. साधारण 14 दिवसांनी, तापमानाच्या नोंदी बघून परवानगी मिळाली की ढीग उलटायचा, परत पांघरूण, परत 14 दिवस. घाईने आधीच उलटला तर अर्धवट मेलेला विषाणू धुळीबरोबर हवेत, सगळं मुसळ केरात. शेवटी हाडं आणि थोडी पिसं उरतात, मांस उरता कामा नये. तापमान चढतच नसेल तर ढीग बहुतेक फार ओला असतो, दहापैकी आठ वेळा तरी मला तेच सापडलंय.

जाळणं ऐकायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड. कोंबडीत निम्म्याहून जास्त पाणीच, ते उडवायला प्रचंड इंधन लागतं. उघड्यावर लाकडं रचून पेटवलं की बाहेरून काळं आणि आत कच्चं, शिवाय गरम हवेबरोबर अर्धवट जळलेली पिसं वर उडतात आणि कुठे जाऊन पडतील सांगता येत नाही. टायर, डिझेल, प्लास्टिक टाकून धूर करायचा तो वेगळाच आजार. बंद भट्टी असेल तर उत्तम पद्धत आहे, थोडे पक्षी असतील तेव्हा तर खासच. नसेल तर हा मार्ग सोडा.

बाहेर न्यावंच लागलं तर गाडीचा हौदा गळका नको, खाली आणि बाजूंनी जाड प्लास्टिक, त्यावर भुसा, काठापर्यंत भरायचं नाही कारण रस्त्यात माल फुगतो आणि हिंदकळतो, वरून ताडपत्री घट्ट. दुसऱ्या फार्मांच्या दारावरून जाणारा रस्ता टाळा. गाडी निघताना एकदा आणि रिकामी झाल्यावर एकदा चाकं, खालची बाजू, मागचं फळकूट सगळं धुऊन जंतुनाशक, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर सुद्धा, ते कोणी धूत नाही. ड्रायव्हर मधे चहाला थांबणार नाही हे पण आधीच ठरवा.

अंडी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, उघडं खाद्य, लिटर, विष्ठा हे सगळं लागण झालेलंच धरायचं आणि कोंबड्यांबरोबरच संपवायचं. सांडलेलं खाद्य तर आधी उचला, चिमण्या आणि उंदीर त्याच्यासाठीच येतात. प्लास्टिकचे ट्रे, भांडी, ड्रिंकर धुऊन ठेवता येतात.

धुताना आधी घाण, मग औषध. शेणाविष्ठेच्या थरावर ब्लीच ओतलं तर ते विष्ठेशीच लढून संपतं, विषाणूपर्यंत पोचतच नाही. खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, निथळू द्या, मग जंतुनाशक. सोडियम हायपोक्लोराईट असेल तर 5 टक्क्यांचं द्रावण एकास नऊ भाग पाणी घालून निदान दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, रोज ताजं करायचं, उन्हात त्याचा जोर जातो. ब्लीचमध्ये ॲसिड, अमोनिया, फॉर्मॅलिन काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतात. फार जोराच्या प्रेशरने मारू नका, तुषार उडून सगळीकडे जातं. आणि धुतलेलं पाणी गटारात किंवा ओढ्यात नाही, शोषखड्ड्यात.

नंतरचे दहा दिवस काम केलेल्या प्रत्येकाने रोज ताप बघायचा. ताप, खोकला, घसा, डोळे लाल, काहीही झालं तर दवाखान्यात जाऊन रांगेत बसायच्या आधी फोन करून सांगायचं की मी बर्ड फ्लूच्या कोंबड्या हाताळल्यात, मास्क लावून जायचं, कारण औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

आणि खड्डा विसरू नका. पहिल्या दोन आठवड्यांत रोज एक चक्कर, मग आठवड्याला. आमच्या एका खड्ड्याचा उंचवटा पंधरा दिवसांत बसून उलट खळगा झाला, एका पावसात त्यात पाणी साचलं, आणि एका कोपऱ्यात कुत्र्याने ढोपरभर उकरून ठेवलेलं, नशीब चुन्याचा थर लागल्यावर ते मागे फिरलं होतं. लगेच दोन ट्रॉली माती घातली, कोपऱ्यावर जाळी टाकून वर दगड ठेवले. त्यासाठी थोडी जादा माती कडेला राखूनच ठेवा, नंतर मशीन परत बोलवायला कोणी तयार होत नाही.